पिकअपची पुढची डिस्क आणि बेअरिंग बदलायचंय? आधी हे वाचा

आमचा पिकअप रोज पहाटे वाशीच्या एपीएमसीतून भाजी भरून ठाण्याला जांभळी नाक्यावर जातो, वाटेत ठाणे-बेलापूर रोड आणि पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली साचलेलं पाणी, म्हणजे पुढच्या चाकांचे काय हाल होत असतील बघा. यंदा ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायचं आणि ४० च्या पुढे गेलं की पुढून घूंऽऽ असा आवाज, म्हणून दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि बेअरिंग एकदमच बदलून टाकले. आमच्या गाडीत डिस्क हबला (चाक ज्यावर बसतं त्या फिरणाऱ्या भागाला) मागून बोल्टने बसवलेली आहे, म्हणजे डिस्क काढायला हब उतरवावाच लागतो, मग बेअरिंगसाठी परत तेच सगळं कशाला उघडायचं?

आधी नक्की काय गेलंय ते बघा. उजवीकडे वळताना आवाज वाढत असेल तर बहुतेक डावं बेअरिंग गेलंय, कारण वळताना वजन बाहेरच्या चाकावर येतं. मग चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवा. खडखड लागली तर कुणाला तरी आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा, आता खडखड गेली तर बेअरिंग, तशीच राहिली तर बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा गोल सांधा) बघा, उगाच बेअरिंगवर पैसे घालू नका.

डिस्कची जाडी मोजताना एक फसगत होते. घासलेल्या डिस्कच्या कडेला न घासलेली एक धार उरते, व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) त्या धारेवर बसतो आणि डिस्क जाड दाखवतो. सोपा उपाय म्हणजे डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक नाणं लावायचं, नाण्यांसकट मोजायचं आणि दोन नाण्यांची जाडी वजा करायची. किमान जाडी किती हवी तो आकडा बऱ्याच डिस्कवर कोरलेला असतो, त्याच्या जवळ आली असेल तर लेथवर घासून आणायच्या भानगडीत पडू नका, नवी जोडी घ्या. एकाच बाजूची बदलली तर ब्रेक लावल्यावर गाडी ओढते.

सपाट पक्की जागा हवी, उतारावरचं पार्किंग चालणार नाही. मागच्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून दगड किंवा ठोकळा) लावा, चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा आणि गाडी चेसिसखाली स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, प्लीज. पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडखाली जाड प्लायवूड टाका, पावसात ब्लॉक खचतात.

चाक काढलं की कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सोडून तारेने वर बांधून ठेवा, ब्रेकच्या होजवर लटकवू नका. डस्ट कॅप, स्प्लिट पिन, नट, वॉशर, बाहेरचा कोन (बेअरिंगची रोलर असलेली आतली कडी) असं क्रमाने काढून हब ओढला की आतला कोन आणि ऑइल सील हबबरोबरच येतात. डिस्क सोडवल्यावर हबची ती जागा वायर ब्रशने चकाचक करा, तिथे गंजाची पापडी राहिली तर नवी डिस्कसुद्धा किंचित वाकडी फिरते आणि थरथर परत सुरू.

जुने कप (हबमध्ये घट्ट बसलेल्या बेअरिंगच्या बाहेरच्या कड्या) पितळी रॉडने आलटून पालटून दोन्ही बाजूंनी ठोकत काढायचे. नवे कप मी पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले होते, धातू आकसतो आणि कप सरळ बसतो. वर जुना कप ठेवून ठोका, पण त्याची बाहेरची कड आधी ग्राइंडरने घासून घ्या नाहीतर तोच आत अडकेल. कप बसत असतो तेव्हा आवाज पोकळ येतो आणि तळाला टेकला की एकदम भरीव ठक्क येतो, तिथे थांबा. कप आणि कोन एकाच डब्यातले, अदलाबदल करायची नाही.

ग्रीस डिस्क ब्रेकच्या गाडीला चालणारं, जास्त तापमानाचं घ्या. तळहातावर गोळा घेऊन कोनची रुंद बाजू त्यावर दाबत राहायचं, दुसऱ्या बाजूने रोलरमधून ग्रीसच्या बारीक शेवया बाहेर आल्या की ती जागा भरली, असं करत गोल फिरवा. जुनं ग्रीस डिझेलने पूर्ण धुतलं पाहिजे. सील नवीनच, लाकडाच्या ठोकळ्याने सपाट बसवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नट. मागे एका गॅरेजमध्ये नट कचकचून आवळून दिला होता, आठवड्यात हब एवढा तापला की कॅपमधून ग्रीस वितळून रिमवर आलं, उघडलं तर रोलर निळे पडलेले. अशा टेपर (निमुळत्या रोलरच्या) बेअरिंगला थोडीशी मोकळीक लागते, साधारण मिलीमीटरच्या दहाव्या भागाच्या आत. म्हणून हब फिरवत फिरवत नट आवळून बेअरिंग बसवा, मग नट पूर्ण सैल करा आणि नुसत्या बोटांनी परत टेकवा. पिनचं भोक जुळत नसेल तर सैल बाजूला जुळवा. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच पाळा. स्प्लिट पिन नवीन. काही गाड्यांना सीलबंद बेअरिंग असतं, ते प्रेसवरच बसतं, हातोड्याने मारू नका.

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसा आणि पॅडही नवेच टाका. नव्या पॅडसाठी कॅलिपरचा पिस्टन आत दाबताना ब्रेक ऑइल डब्यातून वर येतं, पेंटवर पडलं तर पेंट जातो. चाक बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी पॅडल कडक होईपर्यंत ब्रेक दाबत राहा, पहिल्या एक-दोन वेळेला पॅडल थेट तळाला जातं.

रविवारी सकाळी रबाळे एमआयडीसीत रस्ते मोकळे असतात, तिथे ५० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा हळूहळू ब्रेक लावला, मध्ये थोडं चालवून गार होऊ दिलं. परत आल्यावर दोन्ही हबच्या मध्यभागी हात लावून बघा, जरा कोमट चालेल पण हात ठेववत नसेल तर नट परत उघडा. १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा एकदा आवळून घ्या.