लेक ताहोची हिवाळी सहल: आधी किनारा ठरवा, मग हॉटेल

बहुतेक जण हॉटेलपासून सुरुवात करतात. ताहोच्या बाबतीत आधी किनारा ठरवावा. कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरचं हे सरोवर सुमारे ३५ किलोमीटर लांब आहे. स्कीइंगची मोठी ठिकाणं दोन टोकांना आहेत: उत्तरेला नॉर्थस्टार आणि पॅलिसेड्स ताहो (१९६० चं हिवाळी ऑलिंपिक इथलंच), तर दक्षिणेला हेवनली. तिथला गोंडोला (केबल कार) थेट गावातून वर जातो. छोट्या सहलीत दोन्ही टोकं गाठायचा हट्ट नको. पश्चिमेचा एमराल्ड बेजवळचा रस्ता हिमस्खलनाच्या भीतीने अधूनमधून बंद होतो.

मग तारखा. नाताळचा आठवडा आणि जानेवारी-फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारला जोडून येणारी सुट्टी टाळा. स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टची तिकिटं आधीच ऑनलाइन घ्या, खिडकीवर ती महाग पडतात.

खरी कसोटी रस्त्याची. सॅन फ्रान्सिस्कोकडून येताना उत्तरेसाठी आय-८० महामार्ग, दक्षिणेसाठी हायवे ५०. दोन्ही घाट चढतात आणि वादळात तासन्‌तास बंद राहू शकतात. कॅलिफोर्नियाच्या बाजूला ‘आर-२’ची पाटी लागली, की चाकांना साखळ्या लावाव्याच लागतात. चारही चाकांना स्नो टायर असलेल्या फोर-व्हील किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांना सूट आहे, पण साखळ्या त्यांनीही जवळ ठेवायच्या. त्या लावायचा सराव घरीच, उजेडात करा. बर्फात, गार पडलेल्या बोटांनी पहिल्यांदा शिकणं फार अवघड जातं. गाडी भाड्याची असेल तर साखळ्या चालतील का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. अनेक कंपन्या परवानगी देत नाहीत. टाकी भरलेली असू द्या, पाणी, खाणं आणि ब्लँकेट जवळ ठेवा. हे सगळं नको असेल तर विमानाने नेवाडातल्या रीनो शहरात उतरा, शटल घ्या आणि लिफ्टजवळ राहा. पहिल्यांदाच बर्फात जाणाऱ्यांना मी हाच मार्ग सुचवेन.

सरोवरच सुमारे १,९०० मीटरवर आहे आणि हेवनलीचा माथा ३,००० मीटरच्या वर. म्हणून पहिला दिवस हलका ठेवा, भरपूर पाणी प्या. नवख्यांनी मित्राच्या भरवशावर न राहता प्रशिक्षकाकडूनच शिकावं. आतले कपडे सुती नकोत. ओले झाले की अंग गारठतं. गॉगल आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही लागतंच.

एक दिवस स्की बाजूला ठेवून फक्त सरोवर पाहा. ५०१ मीटर खोल असल्याने ते हिवाळ्यातही गोठत नाही, त्यामुळे पांढऱ्या डोंगरांमध्ये गर्द निळं पाणी दिसतं. वादळ आलं तर हाच दिवस परतीसाठी हाताशी राहतो, तेव्हा तो शेवटी ठेवा.