सीबी रेडिओवर दूरचा संपर्क साधताना या चुका टाळा

आयनांबराची (वातावरणाच्या वरच्या भागातील, रेडिओ लहरी परतवणाऱ्या विद्युतभारित थराची) साथ असेल तर सिटिझन बँडवरचा (सीबी, म्हणजे 27 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, सामान्य लोकांसाठीच्या रेडिओ पट्ट्यावरचा) 5 वॅटचा संच इंडोनेशियापर्यंत किंवा युरोपपर्यंत आवाज पोहोचवू शकतो. तरीही मराठवाड्यातील अनेक नव्या हौशींना महिनोन्‌महिने खरखरीशिवाय काहीच ऐकू येत नाही. अशा वेळी संच बदलण्याचा किंवा त्याची शक्ती वाढवण्याचा विचार प्रथम मनात येतो, आणि बहुतेकदा तोच चुकीचा असतो. एस-मीटरवरचा (येणाऱ्या संकेताची ताकद दाखवणाऱ्या मीटरवरचा) एक अंक वाढवायचा तर प्रक्षेपणाची शक्ती चौपट करावी लागते, म्हणजे 5 वॅटचे 20 वॅट केल्यावर पलीकडच्या श्रोत्याच्या मीटरची सुई जेमतेम एक अंक पुढे सरकते. शिवाय भारतात 2005 च्या नियमांनुसार 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याविना वापरता येतो तो 5 वॅट प्रभावी प्रक्षेपित शक्तीच्या मर्यादेत आणि मान्यताप्राप्त संचावरच. त्यामुळे वेगळा ॲम्प्लिफायर जोडणे बेकायदेशीर तर आहेच, पण ज्यासाठी तो जोडायचा ते कामही त्याने फारसे साधत नाही.

खरा अडथळा आपल्या बाजूच्या गोंगाटाचा असतो, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. एलईडी बल्ब, मोबाइलचे स्वस्त चार्जर, इन्व्हर्टर, सौरपंपाचा कंट्रोलर, विजेच्या तारांवरील तडा गेलेले किंवा धुळीने माखलेले इन्सुलेटर आणि डीपीवरचा सैल जंपर हे सगळे 27 मेगाहर्ट्झवर खरखर ओतत असतात. सौरपंप तर विशेष त्रासदायक ठरतो, कारण तो भर उन्हात चालतो आणि हा बँडही प्रामुख्याने दिवसाच खुला असतो, म्हणजे दूरचे संपर्क तेव्हाच होतात. गोंगाट मीटरवर 7 अंकांवर असेल आणि तो 3 वर आणता आला, तर हा 24 डेसिबलचा फायदा होतो; प्रक्षेपणाच्या बाजूने तेवढाच फायदा मिळवायचा तर पलीकडच्या माणसाला आपली शक्ती अडीचशे पट करावी लागली असती.

गोंगाटाचे मूळ शोधण्यासाठी संच 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालवावा आणि घरातील मेन स्विच बंद करून मीटर पाहावे. सुई लगेच खाली आली, तर दोष घरातच आहे आणि एकेक उपकरण पुन्हा सुरू करत गेल्यास तो सापडतो. मेन बंद करूनही फरक पडत नसेल, तर भारनियमनाची वाट पाहावी. आपल्याकडे शेतीचा फिडर आणि गावठाणाचा फिडर वेगवेगळ्या वेळी बंद होत असल्याने, कोणता फिडर गेल्यावर शांतता होते हे टिपून ठेवले की गोंगाट कोणत्या लाइनवरून येतो हे कळते. त्यानंतर मिडियम वेव्हचा साधा ट्रान्झिस्टर दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी लावून लाइनच्या कडेने चालत गेल्यास दोष कोणत्या भागात आहे याचा अंदाज येतो. तेथील खांबांचे क्रमांक लाइनमनला द्यावेत; स्वतः खांबाला हात लावू नये.

लातूरच्या माणसाला नांदेडचा मित्र ऐकू येत नाही म्हणून संच नादुरुस्त ठरवणे ही दुसरी ठळक चूक होय. जमिनीलगत जाणारी लहर साधारणपणे 10 ते 20 किलोमीटरनंतर विरते, तर आयनांबरावरून परतणारी लहर बऱ्याचदा हजार किलोमीटरच्या पलीकडेच खाली उतरते आणि मधला पट्टा कोराच राहतो. म्हणूनच नांदेड शांत असताना आखाती देशांतील आवाज स्पष्ट येऊ शकतो. बालाघाटाच्या डोंगरावर संच नेल्याने जवळचा टप्पा वाढेल, पण आयनांबर अनुकूल नसेल तर तेथूनही दूरचे काही मिळणार नाही.

वेळेबाबत मराठवाडा भाग्यवान आहे. चुंबकीय विषुववृत्त केरळातील थुंब्याजवळून जाते (1963 साली तेथून अग्निबाण सोडण्यास सुरुवात झाली, त्यामागे हेच कारण होते) आणि आपण त्याच्या उत्तरेला साधारण 10-11 अंशांवर आहोत, त्यामुळे डोक्यावरचे आयनांबर बरेच दाट असते. सकाळी पूर्वेकडचे आणि दुपारनंतर पश्चिमेकडचे मार्ग ऐकावेत. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी दक्षिण गोलार्धाकडेही कान लावावा. रात्री उशिरा एकदाच संच लावून बँड मेला असा निष्कर्ष काढणाऱ्यांची संख्या मोठी आहे. सौरचक्राचे (सूर्याच्या सक्रियतेतील चढउताराचे) शिखर 2024 च्या सुमारास येऊन गेले असल्यामुळे पुढील वर्षांत चांगले दिवस हळूहळू विरळ होत जातील, म्हणून रोजचे ऐकणे आत्ताच सुरू करणे शहाणपणाचे आहे.

आयात केलेल्या संचांवर अमेरिकी पद्धतीची 40 चॅनेल असतात, आणि ती सगळी आपल्याला मोकळी आहेत असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. 28 वे चॅनेल 27.285 मेगाहर्ट्झवर असल्याने तेथपासून पुढची सर्व चॅनेल भारतीय पट्ट्याबाहेर पडतात. जगभरचे हौशी जेथे एकमेकांना हाक देतात ती 27.555 मेगाहर्ट्झ ही कंप्रताही बाहेरचीच आहे. तेथे ऐकून बँड खुला आहे का हे पाहावे, पण बोलू नये. ज्यांना अधिक शक्ती आणि मोकळीक हवी आहे, त्यांनी हॅम (हौशी रेडिओ) परवान्याची परीक्षा द्यावी, कारण 28 मेगाहर्ट्झचा 10 मीटर बँड याच स्वभावाचा आहे.

बाहेरची अँटेना जोडण्यापूर्वी आपल्या संचाच्या मान्यतेत ती बसते का हे तपासून घ्यावे. अर्ध्या लहरीच्या द्विध्रुवाची (मध्ये केबल जोडलेल्या दोन समान तारांच्या अँटेनाची) एकूण लांबी सुमारे 5.26 मीटर ठेवून तो जमिनीपासून निदान तेवढ्याच उंचीवर ताणावा. एसडब्ल्यूआर (अँटेना संचाशी किती जुळते याचे माप, जितके कमी तितके चांगले) पहिल्या चॅनेलवर कमी आणि 27 व्यावर जास्त दिसत असेल, तर तार लांब आहे, ती थोडी थोडी कापावी. टीव्हीची 75 ओमची केबल येथे वापरू नये. जुनी, पाणी शिरलेली केबल शक्ती स्वतःच गिळून मीटरवर उत्तम आकडा दाखवते, त्यामुळे केवळ कमी एसडब्ल्यूआर पाहून समाधान मानू नये. उभ्या अँटेनाला काळ्या मातीत सळई ठोकून भागत नाही, कारण ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि तिचा रोध वाढतो, सुमारे 2.7 मीटरच्या चार आडव्या तारा तळाशी जोडाव्यात.

हाक देण्याआधी काही मिनिटे नुसते ऐकावे, हाक आटोपशीर ठेवावी आणि नोंदवहीत वेळ भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून, म्हणजे जागतिक वेळेत (यूटीसी), लिहावी, अन्यथा पलीकडच्या नोंदीशी ती जुळत नाही. एप्रिल ते जून आणि परतीच्या पावसात आभाळ भरून आले की चालू संपर्कही तोडावा. मात्र गडगडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावणे जिवावर बेतू शकते, म्हणून त्या महिन्यांत संच वापरून झाला की केबल प्रत्येक वेळी काढून तिचे टोक घराबाहेर ठेवावे.