अंगणातल्या झाडाला झोका, तार, माळ बांधायचीय? असं बांधा

नागपंचमी जवळ आली की आपल्या कोल्हापुरात झोक्यासाठी फांद्या बघायला सुरुवात होते, आणि एरवी पण कपड्यांची तार, लाईटची माळ, घराची पाटी सगळं त्या एकाच झाडाच्या गळ्यात. बांधा की, हरकत काही नाही, फक्त झाड वाढतं कसं ते आधी समजून घ्या. उंची वाढते ती शेंड्याकडं, खोडाचा वाढतो तो घेर. म्हणून चार फुटावर मारलेला खिळा दहा वर्षांनी पण चार फुटावरच असतो, पण गच्च आवळलेली तार काही वर्षांत सालीत रुतते. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या लगेच आतल्या थरातून मुळांकडं जातं, तेच तिथं अडतं. तार काचलेलं खोड जवळ जाऊन बघा, तारेच्या वर फुगवटा आलेला दिसेल. चारी बाजूनी असं आवळलं गेलं की मुळं उपाशी पडतात आणि झाड हळूहळू वाळतं.

कपड्यांसाठी तार थेट खोडाला गुंडाळूच नका. ट्रकवाले माल आवळायला वापरतात तसला चपटा रुंद बेल्ट घ्या, खोडाभोवती लाकडाच्या उभ्या पट्ट्या लावा आणि बेल्ट त्या पट्ट्यांवरनं घ्या, म्हणजे दाब पट्ट्यांवर येतो आणि मधली साल मोकळी राहते. दरवर्षी पावसाळ्याआधी सोडून सैल करायचा, हे मात्र विसरायचं नाही.

झोक्याला आंबा, चिंच चांगली. फांदी जिवंत, आडवी आणि निदान मांडीएवढी जाड पाहिजे. शेवग्याला झोका अजिबात नको, लाकूड ठिसूळ, कधी मोडंल सांगता येत नाही. दोर फांदीवर घासला की साल सोलते, म्हणून फांदीवर रुंद बेल्ट, बेल्टला लोखंडी कडी आणि कडीत दोर, म्हणजे हलायचं ते कडीत हलतं. पंचमी झाली की सोडून ठेवा. कायमचाच झोका पाहिजे असेल तर फांदीच्या मधोमध आरपार एकच स्टेनलेस स्टीलचा बोल्ट, वर वॉशर, खाली आय-नट (म्हणजे गोल कडीवाला नट). ऐकायला क्रूर वाटतं पण गोल आवळण्यापेक्षा हे झाडाला कितीतरी बरं, कारण एका भोकाभोवतीचा भाग झाड आतनं बंद करून घेतं. त्याला डांबर फासू नका.

सीतेची वेणी (झाडावर वाढणारं ऑर्किड) आंब्यावर बसवायची असेल तर सुती कापडाच्या पट्टीनं बांधा, मुळं धरेपर्यंत पट्टी टिकते आणि नंतर आपोआप कुजून पडते. नायलॉन नको.

नारळाला तर एकपण खिळा नको. त्याची जखम आयुष्यभर भरत नाही आणि नारळ पोखरणारा सोंड्या भुंगा असल्या जखमेत अंडी घालतो.

आणि आधीची तार आत गेलीच असेल तर ओढून काढू नका, साल फाटंल. बाहेर दिसते तेवढी कटरनं तोडा, आतली तशीच राहू द्या.