अडत्या, मुखत्यार आणि तिसरा माणूस: एजन्सीचा कायदा मला कसा कळला

एलएलबीला करार कायद्यात एजन्सीचं, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करण्याचं, प्रकरण आलं तेव्हा मी ते पाठ केलं. भारतीय करार कायदा, १८७२, प्रकरण दहावं, कलम १८२ ते २३८. सत्तावन्न कलमं घडाघडा म्हणून दाखवायचो. मार्कही बरे पडले. पण कळलं काहीच नव्हतं, हे पुढच्या वर्षी हरभरा निघाला तेव्हा समजलं.

आमचं गाव तापीकाठचं. अण्णांनी बावीस क्विंटल हरभरा मार्केट यार्डात नेहमीच्या अडत्याच्या, म्हणजे अडत (कमिशन) घेऊन माल विकून देणाऱ्याच्या, गाळ्यावर उतरवला. भाव उतरलेला होता, म्हणून साडेपाच हजाराच्या खाली द्यायचा नाही असं बजावून आले. संध्याकाळी तेच पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलं. मागे ट्रॅक्टरचा आवाज, पण आकडा स्वच्छ ऐकू येत होता. आठ दिवसांनी विक्रीच्या हिशोबाची पट्टी हातात आली ती ५,१५० रुपयांची. क्विंटलमागे साडेतीनशे गेले, म्हणजे एकूण ७,७०० रुपये. अण्णा ओट्यावर बसून एवढंच म्हणाले, "माल मन्हा शे ना?"

मी तावातावाने ती पट्टी घेऊन जळगावला गेलो. शनिवारी मी तिथे एका ज्येष्ठ वकील मॅडमकडे काम शिकायला बसत असे. माझं म्हणणं तयार होतं: अडत्याला या भावात विकायचा अधिकारच नव्हता, म्हणून सौदा रद्द आणि खरेदीदाराने हरभरा परत द्यावा. मॅडमनी पट्टी उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूवर तीन ठिपके काढले आणि एकच विचारलं, "अण्णांनी काय सांगितलं होतं, हे खरेदीदाराला माहीत होतं का?"

नव्हतं. त्याने गाळ्यावर ठेवलेला माल पाहिला, वर्षानुवर्षं त्या गाळ्यावर विकणारा अडत्या पाहिला आणि भाव दिला.

त्यांनी कलम २३७ उघडून दिलं. त्याखालचं पहिलंच उदाहरण अण्णांचं होतं: ठरावीक किमतीखाली विकू नको असं सांगून मालकाने माल एजंटाकडे दिला, त्या सूचनेची कल्पना नसलेल्या माणसाने तो कमी भावात घेतला, तर मालक त्या सौद्याने बांधला जातो. हे उदाहरण मी परीक्षेत लिहिलं होतं. घरचा हरभरा समोर असताना ते मला ओळखू आलं नाही.

तेव्हापासून मी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्यांदा हेच सांगतो की एजन्सी म्हणजे दोघांचा करार असं धरून वाचायला बसू नका. तीन ठिपके काढा. एक मालक, म्हणजे ज्याच्या वतीने काम होतं तो. इंग्रजी पुस्तकातला प्रिन्सिपल. दुसरा एजंट, मराठी पुस्तकांत त्याला अभिकर्ता म्हणतात, बाजारात तोच अडत्या, दलाल किंवा मुखत्यार. तिसरा बाहेरचा माणूस. मग दोन प्रश्न वेगवेगळे सोडवा. मालक आणि एजंट यांच्यात काय ठरलं होतं? आणि बाहेरच्या माणसाला काय दिसलं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी लिहिलं की चूक ठरलेली. माझीही तीच झाली होती.

खरेदीदार सुटला म्हणून अडत्या सुटला असं होत नाही. कलम २११ सांगतं की एजंटाने मालकाच्या सूचनेप्रमाणे वागावं, सूचना नसेल तर त्या ठिकाणच्या धंद्याच्या रीतीप्रमाणे. तसं न वागल्याने नुकसान झालं तर ते भरून द्यावं. याच कलमाखाली उधारीवर माल विकणाऱ्या दलालाचं उदाहरण आहे. उधारीची रीत नसलेल्या धंद्यात त्याने उधार दिलं. घेणाऱ्याची त्या वेळी बाजारात पत मोठी होती, तरी तो पुढे बुडाला आणि नुकसान दलालाच्या अंगावर आलं. आम्ही त्या आवाजी निरोपाचा हवाला देऊन अडत्याला पत्र पाठवलं. पुढच्या हिशोबात त्याने ७,७०० रुपये अण्णांच्या नावे जमा केले. कोर्टात जावं लागलं नाही. निरोप नुसता तोंडी असता तर काय झालं असतं, हा विचार अजूनही येतो.

खानदेशात हा विषय शिकणाऱ्याचं एक भाग्य आहे. १८७२ च्या या कायद्यातली उदाहरणं कापसाच्या गाठींनी भरलेली आहेत. कलम २०२ घ्या: एकाने दुसऱ्याकडे कापसाच्या हजार गाठी पाठवल्या, त्याच कापसावर त्याच्याकडून आधी उचल घेतलेली होती आणि विकून आपली रक्कम वळती करून घे असं सांगितलं. मालात एजंटाचा स्वतःचा हितसंबंध आला, म्हणून हा अधिकार मालकाला काढून घेता येत नाही, आणि तो मेला किंवा वेडा झाला तरी संपत नाही. उचल घेऊन माल टाकणं आमच्या गावांत नवीन नाही, त्यामुळे हे कलम पोरांना लगेच पटतं. फक्त एक गल्लत टाळा. विक्री झाल्यावर अडत मिळणार, एवढ्याने एजंटाचा मालात असा हितसंबंध तयार होत नाही.

अडतीचंही तसंच. २०१६ साली राज्यात फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. मग अडत्या खरेदीदाराचा एजंट झाला का, असं मला दरवर्षी कोणीतरी विचारतं. चांगला प्रश्न आहे. पैसे कोण देतं यावरून एजंट कोणाचा हे ठरत नाही. कलम १८५ प्रमाणे एजन्सीला मोबदलाच लागत नाही. माल कोणी सोपवला आणि कोणाच्या वतीने विकायला सोपवला, हे पाहायचं.

केळीच्या पट्ट्यातल्या, रावेर-यावलकडच्या मुलांना कलम १८९ जवळचं वाटतं. आणीबाणीत मालकाचं नुकसान वाचवायला शहाणा माणूस स्वतःच्या मालासाठी जे करील ते एजंटाला करता येतं. कायद्यातलं उदाहरण नाशवंत खाद्यपदार्थांचं आहे: कटकला पाठवायचे होते, तिथपर्यंत टिकणार नाहीत म्हणून कलकत्त्यालाच विकले. आता सावद्याहून दिल्लीला निघालेली केळीची गाडी रस्त्यात अडकली आणि घड पिकायला लागले, असं समजा. वाटेत विकता येतील? येतील, पण याच्याशेजारी कलम २१४ ठेवून वाचा. अडचण आली तर मालकाला कळवून त्याच्या सूचना घेण्यासाठी एजंटाने शक्य ते सगळं केलं पाहिजे. खिशात मोबाइल असताना एक फोनही न करता गाडीभर केळी विकणाऱ्याला १८९ चा आडोसा मिळणं मला कठीण दिसतं. उत्तरपत्रिकेत बहुतेक जण १८९ लिहून थांबतात. तुम्ही पुढचं लिहा.

मागाहून मान्यता देणं, कलम १९६ ते २००, हे सोपं आहे. सौद्यातला फायद्याचा तुकडा मान्य आणि तोट्याचा अमान्य असं चालत नाही, आणि महत्त्वाच्या गोष्टी माहीत नसताना दिलेली मान्यता टिकत नाही. उप-एजंटाची कलमं एकदा शांतपणे वाचली की पुरे.

कलम २१५ आणि २१६ वर मात्र वेळ द्या. मालकाला न सांगता अडत्याने स्वतःच्याच भावाच्या फर्मच्या नावे माल घेतला, तर काय? भाव बाजारासारखाच असला तरी महत्त्वाची गोष्ट लबाडीने लपवली असेल, तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो. एजंटाने त्यातून मिळवलेला फायदाही मागू शकतो. विश्वास हा शब्द या कायद्यात कुठे राहतो असं कोणी विचारलं, तर मी ही दोन कलमं दाखवतो.

आता मुखत्यारपत्र. आपल्याकडची किती घरं सुरतेला कामाला आहेत हे सांगायला नको. गावच्या जमिनीचं बघायला भावाला मुखत्यारपत्र करून देतात आणि वीस वर्षं त्याकडे कोणी पाहत नाही. मुखत्यारपत्र देणारा वारला की कलम २०१ प्रमाणे अधिकार संपतो. कलम २०८ मुळे हा शेवट एजंटापुरता त्याला कळल्यावर लागू होतो आणि बाहेरच्यांपुरता त्यांना कळल्यावर. भावाच्या तेराव्याला हजर असलेल्या माणसाने नंतर त्याच कागदावर सही केली, तर मला माहीत नव्हतं असं तो म्हणू शकत नाही. आणि नुसत्या जनरल मुखत्यारपत्रावर जमीन विकत घेतली असं समजणाऱ्यांना सांगा: सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलंय की त्याने मालकी मिळत नाही, नोंदवलेलं खरेदीखतच लागतं.

विमा एजंटाचा १९९७ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही वाचा. एजंटाने विमेदाराकडून हप्ता घेतला, पण वेळेत भरला नाही, आणि विमेदार अपघातात गेला. हप्ता वसूल करायचा अधिकार एजंटाला नाही, हे आयुर्विमा महामंडळाने आपल्या नियमांत आणि नेमणूकपत्रात लिहिलेलं होतं. महामंडळ बांधलं गेलं नाही. हा निकाल वाचताना माझा जीव तुटतो. म्हणूनच हप्ता एजंटाच्या हातात देऊन निर्धास्त राहणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला मी पावती कोणाची आहे ते विचारतो.

ऑफिसात पहिला कागद हातात येईल तेव्हा आधी सही पाहा. अण्णांची ती पट्टी माझ्याकडे अजून आहे. खाली गाळ्याचा निळा शिक्का आहे, त्याच्या वर छोट्या अक्षरात 'करिता' आणि मग मुनीमजींची सही. त्या एका शब्दाने मुनीमजी बाजूला होतात आणि गाळ्याचा मालक समोर येतो. तो शब्द नसेल, मालकाचं नाव कुठेच दिसत नसेल, तर कलम २३० उघडा. सही करणारा स्वतःच अडकला आहे का, हे तिथे सापडेल.