सीटी स्कॅनमध्ये धातूचे पट्टे : या चुका टाळा

धातूमुळे सीटीच्या प्रतिमेत काळे-पांढरे पट्टे उठतात. पोटाच्या सीटीआधी मंगळसूत्र आठवणीने काढायला लावतात, करदोटा मात्र राहतो. त्यातला चांदीचा ताईत नेमका ओटीपोटाच्या स्लाइसमध्ये येतो. परकराच्या नाडीला लावलेल्या सेफ्टीपिनचंही तेच. सोलापुरात कन्नड किंवा तेलुगू बोलणारे पेशंट रोजचेच, म्हणून हे प्रश्न त्यांच्या भाषेत विचारणारं कुणीतरी सीटी रूममध्ये हवं. स्काउटवर (स्कॅनआधी आखणीसाठी काढलेल्या प्रतिमेवर) धातू दिसला तर तिथेच थांबा, पुढे रेटू नका.

शरीरातला धातू काढता येत नाही. तिथे पहिली चूक म्हणजे सगळ्या धातूंना एकच सेटिंग. टायटॅनियम क्ष-किरण कमी अडवतं, स्टील आणि कोबाल्ट-क्रोम बरेच जास्त. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड मागवून इम्प्लांट कशाचं आहे ते पाहा. स्टील असेल तर १२० ऐवजी १४० केव्ही (क्ष-किरण ट्यूबचा व्होल्टेज) घ्या.

नुसतं एमए (ट्यूबचा करंट, म्हणजे किरणांचं प्रमाण) वाढवून पट्टे जातील, हा गैरसमज फार पसरलेला आहे. धातूपलीकडे किरण पुरेसे पोचत नाहीत म्हणून उठणाऱ्या बारीक रेषा त्याने कमी होतात. पण दोन स्क्रूंच्या किंवा दोन कृत्रिम खुब्यांच्या मधला काळा पट्टा कायम राहतो. कमी ऊर्जेचे किरण धातूत अडकतात, उरलेला झोत ‘कडक’ होतो आणि त्या रेषेतलं ऊतक संगणकाला आहे त्यापेक्षा विरळ वाटतं. त्यावर उपाय ऊर्जेचा. ड्युअल एनर्जी (दोन वेगळ्या ऊर्जांवर स्कॅन करणारं) मशीन असेल तर १०० ते १४० केईव्हीच्या (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं एकक) मोनोएनर्जेटिक, म्हणजे एकाच ऊर्जेच्या किरणांनी काढल्यासारख्या प्रतिमा काढून बघा. मात्र तिथे आयोडीनचा कॉन्ट्रास्ट फिका पडतो, त्यामुळे रक्तवाहिन्या पाहायच्या असतील तर ७०च्या आसपासची मालिकाही जोडा.

पोझिशनिंग फुकट असतं, तरी सर्वात दुर्लक्षित. मनगटातली प्लेट असेल तर हात पोटाशेजारी ठेवू नका, डोक्यावर घ्या. दातांतल्या फिलिंगसाठी हनुवटीची दिशा बदला किंवा गॅन्ट्री (मशीनची गोल कमान) तिरकी करा. एका गुडघ्यात कृत्रिम सांधा असेल आणि दुसरा तपासायचा असेल तर धातूवाला पाय वाकवून स्लाइसबाहेर ठेवा.

आता धातूचे पट्टे कमी करणारं ‘मार’ (मेटल आर्टिफॅक्ट रिडक्शन) सॉफ्टवेअर. आयमार, ओ-मार, सेमार, स्मार्ट मार, नावं कंपनीगणिक वेगळी. साधारण कल्पना एकच : धातूतून गेलेली मोजमापं बाजूला काढून त्या जागी अंदाजाने भरलेले आकडे वापरायचे. अंदाज म्हटला की चूक आलीच. इम्प्लांटच्या कडेला खोटी काळी रेघ उमटते आणि ती सांधा सैल झाल्यासारखी दिसते. कधी हाडाचा पातळ कॉर्टेक्सच (बाहेरचा कठीण थर) गायब होतो. म्हणून मार केलेली आणि न केलेली, दोन्ही मालिका पॅक्सवर (प्रतिमा साठवण्या-पाहण्याच्या संगणक प्रणालीवर) पाठवा. फक्त मार पाहून ‘लूझनिंग’ लिहिणं धोक्याचं. टायटॅनियमच्या बारीक स्क्रूंना तर अनेकदा मारशिवायची प्रतिमाच बरी ठरते.

आणखी एक गफलत : पेशंट गेल्यावर दोन दिवसांनी सर्जन मार मागतात, तोवर जागा कमी पडून मशीनने रॉ डेटा (प्रतिमा बनण्याआधीची मूळ मोजमापं) पुसलेला असतो. बहुतेक मशीनवर पॅक्सवरच्या प्रतिमांवरून मार करता येत नाही. इम्प्लांटची केस दिसली की रॉ डेटा लॉक करा.

रिकन्स्ट्रक्शन (रॉ डेटावरून प्रतिमा बनवणं) १ मिमीच्या आसपास, सॉफ्ट कर्नलवर (प्रतिमा मऊ ठेवणाऱ्या फिल्टरवर) करा. शार्प बोन कर्नल पट्टे ठळक करतो. मग २-३ मिमी जाडीचे कोरोनल (समोरून दिसणारे), सॅजिटल (बाजूने दिसणारे) काप बनवा. विंडो (पडद्यावर दाखवायच्या एचयू आकड्यांचा पट्टा; एचयू म्हणजे सीटीतलं घनतेचं माप) रुंद, ३००० ते ४०००. स्क्रू पांढऱ्या गोळ्यासारखा दिसत असेल तर एक्स्टेंडेड सीटी स्केल चालू करा, कारण नेहमीचं स्केल ३०७१ एचयूला संपतं.