छोट्या टँकसाठी मासे निवडताना या चुका टाळा (यातल्या तीन तर मीच केल्यात)

"एक फुटाचा टँक घेतलाय, त्यात कुठले मासे टाकू?" असं कोणी आधी विचारलं की मला फार बरं वाटतं, कारण बहुतेक जण मासे टाकून झाले, त्यातले दोन मेले आणि तिसरा तिरका पोहायला लागला की मग विचारतात.

आधी हिशोब करा. फूट बाय फूट बाय फूट म्हणजे 28 लिटरच्या आसपास, त्यातून खालची वाळू, दगड आणि वर सोडलेली जागा वजा केली की हातात 20-22 लिटर पाणी राहतं. एवढ्याशा पाण्यात अमोनिया (माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाद्यातून होणारं विष) भराभर चढतो आणि तापमानही लगेच खालीवर होतं. म्हणून "आधी छोट्यावर हात बसवतो, मग मोठा घेतो" हे मला उलटंच वाटतं, छोटा टँक जास्त कटकटीचा असतो.

आता माझी सगळ्यात नावडती चूक, सकर फिश. "काच साफ करायला एक सकर टाक" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कोणी बोललं की फक्त बघत बसतो. मीही टाकला होता, 25 लिटरच्या टँकमध्ये, तेव्हा तो दोन बोटांएवढा होता आणि पहिले दोन महिने काचेला चिकटून खरंच शेवाळ खायचा, मी खूश. मग त्याला खाली पडलेल्या गोळ्यांची चटक लागली आणि शेवाळाकडे बघेना, उलट शेपटीमागे विष्ठेची ही एवढी लांब दोरी लोंबत असायची, ती तुटून वाळूवर पडायची आणि साफ करायला मी. दीड वर्षात वीतभर झाला. वळायचा तेव्हा शेपूट एका काचेला आणि तोंड दुसऱ्या काचेला, रोपं मुळासकट वर. एका रात्री झाकणावर धाडकन आवाज आला म्हणून उठलो तर अर्धं पाणी जमिनीवर आणि साहेब कोपऱ्यात श्वास घेत बसलेले. शेवटी मोठा टँक असलेल्या एका मित्राच्या हातापाया पडून दिला. हा मासा फूट-दीड फूट होतो आणि दहा वर्षं सहज जगतो. "टँकएवढाच वाढतो" असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, खराब पाण्यात त्याची वाढ खुंटते, त्याला बेताचा मासा म्हणत नाहीत, आजारी मासा म्हणतात. आणि नको झाला म्हणून तळ्यात सोडू नका, सोडलेल्या सकरनी कितीतरी ठिकाणची तळी आणि नद्या बिघडवल्यात. मी आता काच जुन्या एटीएम कार्डाने खरवडतो, पाच मिनिटांचं काम आहे (काचेचाच टँक असेल तर, अॅक्रिलिकवर ओरखडे पडतात).

गोल्डफिश: नाही. बाऊलमध्ये तर अजिबात नाही.

एंजल मासा आत्ता नाण्याएवढा दिसतोय, पुढे पंख धरून वीतभर उंच होतो. झेब्रा डॅनियो लहान असतो खरा, पण त्याला पळायला लांबी लागते, फूटभरात नुसता काचेला धडकत राहतो. निऑन टेट्राही सहा-आठ लागतात आणि दोन फुटी टँक असेल तरच बघा. "दोनच घेतो" म्हणाल तर दोघं रोपामागे लपून बसतील, मग पैसे कशाला घातले असं वाटेल.

दुसरी माझी चूक म्हणजे फायटर (बेट्टा मासा) आणि गप्पी एकत्र. फायटरला दुसऱ्या फायटरशी भांडण असतं, गप्पीशी काय, असं मला वाटलं. नर गप्पीची रंगीत झुपकेदार शेपटी बघून त्याला तो दुसरा फायटरच वाटला बहुतेक, सकाळी एका गप्पीची शेपटी कंगव्यासारखी झालेली, तिसऱ्या दिवशी गप्पीच नव्हता. फायटर एकटाच ठेवा. तो वर येऊन हवा घेतो म्हणून ग्लासात जगतो असं नाही, त्यालाही 24 ते 27 डिग्रीचं कोमट पाणी आणि हळू वाहणारा फिल्टर लागतो, त्याच्या लांब पंखांना जोराचा प्रवाह झेपत नाही.

गप्पीच हवे असतील तर सगळे नर घ्या. "एकच मादी आहे, पिल्लं कशी होतील" हा हिशोब चालत नाही, मादी आधीचं वीर्य साठवून ठेवते आणि नर नसतानाही महिन्या-महिन्याला पिल्लं देत राहते, एका वेळी वीस-तीस. त्यांना कुठे ठेवणार?

आणि हो, टँक आणला त्याच दिवशी मासे आणू नका. पाणी काचेसारखं दिसतं म्हणजे तयार आहे असं नाही, अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. "चिवट मासे टाकून टँक तयार करा" म्हणणारे त्या माशांच्या जिवावर घाई करतात. मी मासे नसतानाच रोज चिमूटभर खाद्य टाकून कुजू देतो आणि टेस्ट किटवर अमोनिया, नायट्राइट दोन्ही चढून परत शून्य आले की मगच पहिला मासा.

मग टाकायचं काय? माझ्या 20 लिटरमध्ये सध्या एकटा फायटर आणि दोन गोगलगायी आहेत. दुसऱ्या टँकमध्ये आठ चिली रासबोरा, प्रत्येकी दोन सेंटिमीटरही नाहीत, तोंड इतकं छोटं की खाद्य बोटांनी चुरून टाकावं लागतं. एम्बर टेट्राही तसेच छोटे. चेरी श्रिंप (छोट्या कोळंब्या) तर मला सगळ्यात आवडतात, दिवसभर काहीतरी टिपत फिरत असतात. फक्त फायटरच्या टँकमध्ये सोडू नका, मी सोडले होते, आठवडाभराने एकच सापडला, फिल्टरच्या मागे.