डिझेल एसयूव्ही: मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक, हे आधी रस्त्यावर मोजा

शोरूमची पायरी चढण्याआधी एक आठवडा आपल्या रोजच्या रस्त्यावर मोजमाप करा. शेजारी बसलेल्याला मोबाईलवर जीपीएसचा वेग बघायला सांगा. गाडी थांबलेली नाही, पण ताशी 7 किलोमीटरपेक्षा हळू सरकते आहे, अशी दिवसाकाठी किती मिनिटं जातात ते लिहून ठेवा.

7 हा आकडा गिअरबॉक्समधूनच येतो. डिझेल इंजिन ॲक्सिलरेटर न देता साधारण 800 आरपीएमवर फिरतं. पहिला गिअर आणि डिफरन्शियल मिळून चाकाचा वेग सुमारे 16 पट कमी होतो, म्हणजे चाक मिनिटाला 50 फेरे घेतं. टायरचा घेर सव्वादोन मीटर धरा. क्लच पूर्ण सोडला तर गाडी ताशी पावणेसात किलोमीटरनं आपोआप चालते. वाहतूक त्याहून हळू असली की इंजिन बंद पडू नये म्हणून हाफ क्लच धरावाच लागतो आणि तेवढा वेळ क्लचची प्लेट फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या जड चाकावर, घासत राहते. हिंजवडीत किंवा घोडबंदर रोडवर संध्याकाळी येणारा तो करपट वास याच घासण्याचा.

ही मिनिटं रोज वीसच्या वर जात असतील तर ऑटोमॅटिक घ्या, किंमतीतला लाख-दीड लाखाचा फरक सोसूनही. पाचच्या आत असतील आणि बाकी प्रवास हायवेचा असेल तर मॅन्युअल उत्तम. मधल्यांनी घाट किती वेळा लागतो आणि घरात गाडी किती जण चालवतात ते बघावं. वेगवेगळ्या पायांखाली क्लच लवकर संपतो. बोलेरो किंवा स्कॉर्पिओ क्लासिक मनात असेल तर हा प्रश्नच उरत नाही, त्या मॅन्युअलच मिळतात.

आता ऑटोमॅटिक म्हणजे नक्की काय, ते विचारून घ्या. ब्रोशरवर एकच शब्द असतो, आत तीन वेगळ्या गोष्टी असतात. क्रेटा, हॅरिअर, सफारी, स्कॉर्पिओ-एन यांच्या डिझेलमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल फिरतं, घासायला क्लच प्लेट नसते. शिवाय गाडी उचलताना तो इंजिनची ओढ (टॉर्क) जवळपास दुप्पट करून चाकांना देतो. डिझेलचा टर्बो 1500 आरपीएमच्या खाली झोपलेला असतो आणि नेमकी ती उणीव इथे भरून निघते. नेक्सॉन आणि एक्सयूव्ही थ्रीएक्सओच्या डिझेलमध्ये एएमटी आहे. तो मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच मोटर किंवा हायड्रॉलिक दाबावर दाबला जातो. डावा पाय मोकळा होतो, पण प्लेट तशीच घासते, म्हणून वीस मिनिटांचा नियम एएमटीने सुटत नाही. तिसरा प्रकार ड्युअल क्लच, कर्व्हच्या डिझेलमध्ये मिळतो. गिअर झटकन पडतात, पण क्लच त्यातही आहेत आणि मुंगीच्या गतीनं चालणाऱ्या गर्दीत ते तापतात.

ओढीचा आकडाही दोन्हींचा वेगळा वाचा. फॉर्च्युनरचं 2.8 लिटर इंजिन मॅन्युअलमध्ये 420 न्यूटन मीटर देतं, ऑटोमॅटिकमध्ये 500. एक्सयूव्ही सेव्हनडबलओमध्ये तेच 420 आणि 450.

टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर घेऊ नका. चार माणसं बसवा, एसी लावा आणि एखाद्या मॉलच्या बेसमेंटचा रॅम्प गाठा. अर्ध्या चढावर थांबा, ब्रेक सोडा. हिल होल्ड गाडीला दोनेक सेकंद धरतो, तेवढ्यात ती पुढे निघाली पाहिजे. एएमटी मागे सरकते का ते इथेच कळतं. मग तोच चढ रिव्हर्समध्ये चढून बघा, क्लचची खरी परीक्षा तिथे होते. मॅन्युअलमध्ये गाडी उभी असताना क्लच वीस वेळा पूर्ण दाबा. गुडघ्याला आत्ताच जाणवलं तर दोन तासांच्या गर्दीत काय होईल, हे सांगायला नको.

घाट उतरताना लोक सर्वात जास्त चुकतात. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो, त्यामुळे ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन पेट्रोलइतकं आवळून धरत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये माळशेज चढला असता, त्याच किंवा त्याहून एक खालच्या गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिकमध्ये लिव्हर मॅन्युअल मोडला घेऊन 2 किंवा 3 वर धरा. डी मध्ये सोडलं तर गाडी वरचे गिअर टाकत जाते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापले की पेडल स्पंजासारखं आत जाऊ लागतं. न्यूट्रलमध्ये तर कधीच उतरू नका. एएमटी किंवा ड्युअल क्लच चढावर ॲक्सिलरेटर देऊन एका जागी तोलून धरू नका, ब्रेक दाबा.

मॅन्युअलवाल्यांनी आणखी एक सवय सोडावी: ॲव्हरेजसाठी 40 च्या वेगात पाचवा गिअर. गाडी थरथरते ती इंजिन दमल्यामुळे, आणि तो धक्का बहुतेक डिझेल एसयूव्हींतल्या ड्युअल मास फ्लायव्हीलच्या स्प्रिंगा खातात. हे फ्लायव्हील क्लच सेटहून महाग असतं.

ऑटोमॅटिकचं गिअर ऑइल 'लाइफटाइम' आहे असं सांगितलं जातं. भरली गाडी घाटातून, गर्दीतून चालवत असाल तर 60 ते 80 हजार किलोमीटरवर ते बदलून घ्या. मॅन्युअलचं गिअर ऑइल ऑटोमॅटिकमध्ये चालणार नाही, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच भरा.

जुनी गाडी बघताना मॅन्युअल असेल तर सपाट जागी हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, 1500 आरपीएमवर क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक. फिरतच राहिलं तर प्लेट सरकते आहे. ही तपासणी एकदाच करा. ऑटोमॅटिक असेल तर इंजिन थंड असताना ब्रेक दाबून पी, आर, एन, डी असं थांबत थांबत फिरवा. आर किंवा डी टाकल्यावर गिअर पडायला दीड सेकंदाहून जास्त लागला किंवा दणका बसला, तर पुढची बोलणी थांबवा. तेल काळं पडून जळका वास येत असेल तरीही तेच.

ऑटोमॅटिक घेतलीच तर डिकीत जंपर केबल ठेवा. बॅटरी उतरल्यावर ही गाडी ढकलून चालू होत नाही, आणि बंद पडल्यावर चाकं जमिनीवर ठेवून ओढू नये. गाडी पूर्ण वर चढवून नेणारा फ्लॅटबेडच मागवा.